आंबटपणाचा चकवा: जहाजावरचं जेवण आणि स्कर्व्ही

एप्रिल १४९८ मध्ये वास्को द गामाच्या जहाजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं मालिंदी सोडलं आणि वारा पाठीशी घेऊन २३ दिवसांत मलबारची जमीन पाहिली. परतीला मात्र त्याला ईशान्येचा वारा धरेपर्यंत थांबायचं नव्हतं. ५ ऑक्टोबरला कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून (हे बेट आज गोव्यात मोडतं) तो निघाला. कधी वारा पडलेला, कधी उलटा. आफ्रिका दिसली ती थेट २ जानेवारी १४९९ ला. समुद्र तोच, पण या वेळी ८९ दिवस लागले. खलाशांना स्कर्व्ही झाली, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग. त्यांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, ३० माणसं मेली आणि एकेका जहाजावर कामाला उभे राहू शकणारे सात-आठच उरले. मालिंदीला पोचल्याबरोबर आजाऱ्यांसाठी संत्री मागवली गेली. तीन जहाजं चालवायला माणसं पुरेनात, म्हणून पुढे सांव राफाएल हे जहाज जाळून टाकावं लागलं.

२३ दिवसांत जे झालं नाही ते ८९ दिवसांत का झालं, याचा हिशेब आज मांडता येतो. धडधाकट माणसाच्या शरीरात क जीवनसत्त्वाचा साठा साधारण १,५०० मिलिग्रॅम असतो. बाहेरून काहीच मिळालं नाही तर त्यातला रोज सुमारे तीन टक्के खर्ची पडतो. साठा ३०० ते ३५० मिलिग्रॅमच्या खाली गेला की लक्षणं दिसू लागतात. या दराने २३ दिवसांनी जवळजवळ निम्मा साठा शिल्लक राहतो, सात-आठ आठवड्यांत धोक्याची रेषा येते आणि ८९ व्या दिवशी उरतात जेमतेम १०० मिलिग्रॅम. हा हिशेब ढोबळ आहे. शिवाय बंदरातून निघतानाच अर्धपोटी असलेला खलाशी १,५०० वरून सुरुवात करतच नाही, त्यामुळे पहिले रोगी बऱ्याचदा सहाव्या आठवड्यातच अंथरूण धरत.

क जीवनसत्त्व नसलं की नेमकं बिघडतं काय? कातडी, हाडं, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती या सगळ्यांना धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून राहतात. हा पीळ शरीराच्या तापमानाला टिकायचा, तर साखळीतल्या प्रोलिन या अमिनो आम्लावर ठरावीक जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवावी लागते. ते काम करणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) पोटात लोहाचा एक अणू असतो. काम करता करता तो गंजल्यासारखा निकामी होतो आणि त्याला पुन्हा ठिकाणावर आणतं ते क जीवनसत्त्व. ते संपलं की नवं कोलॅजेन कच्चं निघतं आणि पीळ सुटतो.

म्हणून जिथे कोलॅजेनची मोडतोड आणि दुरुस्ती सर्वांत वेगाने चालते, तिथे आधी फुटतं. केसांच्या मुळाशी रक्ताचे लाल ठिपके उठतात आणि केस स्क्रूसारखे वळतात. हिरड्या जांभळ्या पडून स्पंजासारख्या फुगतात. ज्याच्या तोंडात एकही दात नाही त्याच्या हिरड्या मात्र बहुधा शाबूत राहतात. जुन्या जखमेचा वण वरून मेलेला दिसला तरी आत त्याची डागडुजी सतत चालू असते, ती थांबली की वण उकलतो. १७४० ते १७४४ या काळात ब्रिटिश आरमारातल्या जॉर्ज ॲन्सनने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्या जहाजावर पन्नास वर्षांपूर्वीच्या बॉइनच्या लढाईत जखमी झालेला एक म्हातारा होता. त्याच्या जखमा नव्यासारख्या उघडल्या आणि कधीच सांधलेलं हाड पुन्हा सुटलं. त्या मोहिमेवर सुमारे १,९०० माणसं गेली होती, त्यांतली १,४०० च्या आसपास मेली. शत्रूच्या हातून मेलेले चारच होते.

आता हे खलाशी खात काय होते ते पाहू. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश आरमाराचा शिधा ठरलेला होता. माणशी रोज एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन बिअर. आठवड्याला चार पौंड खारवलेलं गोमांस, दोन पौंड डुकराचं मांस, दोन पाइंट वाटाणे, तीन पाइंट ओटचं भरड पीठ, थोडं लोणी, थोडं चीज. पोट भरायला हे भरपूर होतं. किनाऱ्यावरच्या मजुराला एवढं मांस कुठलं मिळायला! बिस्किट म्हणजे पीठ आणि पाणी मळून दगडासारखं भाजलेली चकती. तिच्यात टोके किडे पडत, म्हणून खाण्याआधी ती टेबलावर आपटायची. मांस पिंपातून काढून आधी पाण्यात भिजत घालायचं, मीठ उतरलं की तांब्याच्या हंड्यात उकळायचं. महिना-दोन महिन्यांत बिअर आंबली की तिच्याऐवजी दिवसाला अर्धा पाइंट रम मिळे. पिंपातलं पाणी हिरवं पडे. चौदा इंच रुंदीच्या जागेत टांगलेल्या झोळीत झोपायचं आणि चार-चार तासांच्या पाळ्या करायच्या. एवढ्या सगळ्या शिध्यात क जीवनसत्त्व मात्र जवळपास शून्य.

याच काळात चाचे मात्र यातून बरेचसे सुटले, आणि त्यात शहाणपणापेक्षा धंद्याची रीत जास्त होती. कॅरिबियन बेटांत एका किनाऱ्यावरून दुसरा फार लांब नसतो. जहाजाच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चढून वेग गेला, तर चाचेगिरीच संपली. म्हणून दर काही महिन्यांनी जहाज वाळूवर आडवं करून बूड खरवडायचं, आणि तेवढे दिवस जमिनीवर काढायचे. व्यापारी गलबतावर पंधरा-वीस माणसं असत, चाच्यांच्या जहाजावर त्याच्या कितीतरी पट. शिधा लवकर संपायचा आणि बंदर लवकर गाठावं लागायचं. ईस्ट इंडिया कंपनी कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हणायची (आपल्या पाण्यात दस्तक, म्हणजे परवाना, मागणाऱ्याला चाचा म्हणणं कंपनीलाच जमावं). त्यांची गुराबं आणि गलबतं किनारा धरून लढत, आणि पावसाळ्यात आरमार बंदरात असे. स्कर्व्ही व्हायला जितके दिवस लागतात तितके त्यांच्या वाट्याला येतच नसत.

अडकत ते लांब पल्ल्याचे. पॅसिफिक ओलांडताना मॅगेलनच्या माणसांना तीन महिने वीस दिवस ताजं अन्न मिळालं नाही. शिडाच्या डोलकाठीवरचं चामडं समुद्रात चार-पाच दिवस भिजवून, निखाऱ्यावर भाजून त्यांनी खाल्लं. उंदीर अर्ध्या डुकॅटला (डुकॅट म्हणजे सोन्याचं नाणं) विकला जात होता आणि तरी पुरत नव्हता. गंमत अशी की त्या सगळ्या जेवणात उंदीरच खरं औषध होता. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात ग्लुकोजपासून बनवतात. माणूस, वानरं, गिनीपिग आणि काही वटवाघळं यांच्यात त्या साखळीतल्या शेवटच्या विकराचं जनुक मोडलेलं आहे. उंदराचं आणि शेळीचं ते शाबूत आहे. फेब्रुवारी १७०९ मध्ये वुड्स रॉजर्स हा परवानाधारक लुटारू पॅसिफिकमधल्या हुआन फर्नांदेझ बेटावर आजारी खलाशी घेऊन उतरला. तिथे एकट्याने राहिलेल्या अलेक्झांडर सेलकर्कने त्यांना शेळ्या पकडून दिल्या. शेळीचा रस्सा आणि त्यात सलगमचा पाला, एवढ्यावर बहुतेक सगळे उभे राहिले.

म्हणजे इलाज माहीत नव्हता असं नाही. तो पुन्हा पुन्हा सापडला आणि पुन्हा पुन्हा हरवला, कारण लोकांनी गुण आंबटपणाला चिकटवला. २० मे १७४७ ला सॅलिस्बरी जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरने बारा रोगी निवडले, त्यांना एकाच जागी ठेवलं, एकच जेवण दिलं आणि दोन-दोनांच्या जोड्या केल्या. एका जोडीला सायडर (सफरचंदाची दारू), दुसरीला दिवसातून तीनदा गंधकाम्लाच्या अर्काचे २५ थेंब, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचं पाणी, पाचवीला लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण. उरलेल्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळं सहा दिवसांतच संपली, पण तोवर त्या दोघांतला एक कामावर जायच्या लायकीचा झाला होता. सायडरवाले थोडे सुधारले. आम्ल आणि व्हिनेगर वाया गेलं.

निकाल इतका स्वच्छ असूनही लिंडने पुढे जी शिफारस केली, तिने घात केला. फळं टिकत नाहीत म्हणून रस तासन्तास तापवून त्याचा पाक करायचा आणि तो बाटलीत भरायचा. चव आंबट राहिली, उष्णतेने आणि हवेने जीवनसत्त्व गेलं. खरं तर लिंबाचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा. १०० मिलिलिटर रसात ते पाच-सहा ग्रॅम असतं, तर क जीवनसत्त्व फक्त ५० मिलिग्रॅमच्या आसपास. जीभ पहिलं ओळखते, दुसरं तिला कळतच नाही. पेरूत लिंबाच्या चौपट क जीवनसत्त्व असतं आणि पिकला पेरू कोणी आंबट म्हणत नाही.

न तापवता टिकवलेला रस १७९४ मध्ये कामी आला. सफोक हे जहाज इंग्लंडहून मद्रासला २३ आठवड्यांत पोचलं. वाटेत प्रत्येकाला ग्रॉगमध्ये, म्हणजे पाणी घातलेल्या रममध्ये, रोज दोन-तृतीयांश औंस लिंबाचा रस आणि दोन औंस साखर मिळत होती. एकही गंभीर रोगी झाला नाही. आरमाराचे डॉक्टर गिल्बर्ट ब्लेन यांनी पाठपुरावा केला आणि १७९५ पासून आरमारात हा रस मिळू लागला. प्रमाण पाऊण औंस, म्हणजे सुमारे २१ मिलिलिटर. ताज्या रसाच्या हिशेबाने त्यात साधारण १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व भरतं.

मग १८६० च्या दशकात भूमध्य समुद्राकाठच्या मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजची छोटी लिंबं आली. ती आपल्या कागदी लिंबाचीच जात. जास्त आंबट, म्हणून जास्त गुणकारी असं सगळे समजले. प्रत्यक्षात तिच्यात क जीवनसत्त्व मुळातच कमी. त्यात रस उघड्या टाक्यांत पडून राही आणि तांब्याच्या नळ्यांतून वाहे. बिनकल्हईच्या भांड्यात आंबट वरण कळकतं हे आपल्या आज्यांना पाठ होतं. त्याच तांब्याचा अंश रसात उतरला की क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण झपाट्याने होतं. वाफेच्या जहाजांनी प्रवास इतके आखूड केले होते की रस निकामी झाल्याचं वर्षानुवर्षं कोणाला कळलंच नाही. त्याचा फटका बसला १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत. जॉर्ज नेअर्सची माणसं डझनांनी आजारी पडली. चौकशीत ठपका आला तो स्लेजवाल्यांनी रस बरोबर नेला नाही यावर. तो रस मुळात किती कामाचा होता, हा प्रश्न तसाच राहिला.

गुंता सुटला तो अपघाताने. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख हे बेरीबेरी या दुसऱ्या एका रोगाच्या अभ्यासासाठी गिनीपिगना नुसतं धान्य खाऊ घालत होते. त्यांना झाली स्कर्व्ही. उंदीर घेतले असते तर काहीच दिसलं नसतं. आता एखाद्या रसात किती दम आहे हे चव न घेता मोजता येऊ लागलं. १९२८ मध्ये हंगेरियन शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांनी तो पदार्थ वेगळा केला, १९३२ मध्ये त्याची ओळख पटली, आणि पुढे हंगेरीतल्या सेगेडच्या लाल पाप्रिका मिरच्यांमधून तो भरपूर मिळाला. दुसऱ्या महायुद्धात शेफील्डमध्ये वीस स्वयंसेवकांवर महिनोन्‌महिने चाचणी झाली. ज्यांच्या जेवणात क जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतं त्यांना स्कर्व्ही झाली आणि त्यांच्या मुद्दाम केलेल्या जखमा नीट भरेनात. रोज १० मिलिग्रॅम मिळणाऱ्यांना ती झाली नाही. ब्लेन यांचा पाऊण औंस जेमतेम काठावर होता. बाटलीत तो काही महिने राहिला की काठाच्याही खाली.