पर्णभुंगेरे : रासायनिक परिस्थितिविज्ञान

पर्णभुंगेरे हे कोलिऑप्टेरा गणातील क्रायसोमेलिडी कुलाचे कीटक असून या कुलातील ३५,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. बहुतेक जाती मोजक्याच वनस्पतींवर जगतात. खाणाऱ्याला दूर ठेवण्यासाठी वनस्पती जे द्रव्य तयार करते, तेच पुष्कळदा या कीटकांना अन्नाची खूण ठरते. मराठवाड्यात याचा पडताळा वेलवर्गीय भाज्यांच्या वाफ्यातच मिळतो.

काकडी, वाळूक, दोडका किंवा खरबूज उगवून दोन पानांवर आले की तांबडे भुंगेरे (औलाकोफोरा फोवेइकॉलिस) त्यावर तुटून पडतात. या वेलींना कडूपणा देणारी कुकुर्बिटासिने इतर बहुतेक किडींना नकोशी असतात. तांबड्या भुंगेऱ्यांना मात्र तीच चरायला लावतात. कारले त्या मानाने बरेच वाचते, कारण त्याच्या पानांतील मोमॉर्डिसिन द्रव्ये याच भुंगेऱ्याला खाऊ देत नाहीत. जिभेला सगळे कडू सारखेच लागते, भुंगेऱ्याला नाही.

औलाकोफोरा प्रजातीतील काही भुंगेऱ्यांची खाण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. भुंगेरा प्रथम पानावर गोलाकार चर कोरतो आणि मगच त्या वर्तुळातला भाग खातो. चरामुळे शिरांतून येणारा चिकट रस आत पोहोचत नाही. पानावर उरते ते जवळजवळ गोल भोक. तांबड्या भुंगेऱ्याची अळी मात्र जमिनीत राहून मुळे कुरतडते, म्हणून पीक निघाल्यावर नांगरट करून ती उघडी पाडतात.

स्वसंरक्षणाच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. नाल्याकाठच्या बेशरमावर दिसणाऱ्या कासवभुंगेऱ्यांच्या गटात अळ्या टाकलेली कात किंवा विष्ठा पाठीवर ढालीसारखी वागवतात. थंड प्रदेशातील पॉप्लर झाडांवरच्या काही अळ्या पानातील सॅलिसिन या साखर जोडलेल्या द्रव्यापासून उग्र वासाचे सॅलिसिलाल्डिहाइड बनवतात आणि त्या क्रियेत सुटलेली साखर स्वतः वापरतात.

या कुलातील एक जात मात्र शेतकऱ्याच्या कामाची आहे. पांढुरक्या पाठीवर तपकिरी उभ्या रेघा असलेला मेक्सिकन भुंगेरा (झायगोग्रामा बायकलरेटा) गाजर गवताच्या, म्हणजे काँग्रेस गवताच्या, जैविक नियंत्रणासाठी १९८३ मध्ये बंगळुरूला आणून पुढील वर्षी सोडण्यात आला. परभणीच्या कृषी विद्यापीठानेही तो वाढवून शेतकऱ्यांना दिला. माणसाच्या त्वचेला खाज आणणारे पार्थेनिन या गवतात असते, तरी भुंगेरा आणि त्याची अळी ते सुखाने फस्त करतात. सूर्यफुलावर तो आढळल्याने तो पिकालाही खाईल की काय, अशी मध्यंतरी शंका निर्माण झाली होती. त्या पानांवर पडलेले गाजर गवताचे परागकण त्याला खायला उद्युक्त करतात, असे तपासात दिसले. पाऊस सरला की प्रौढ जमिनीत शिरून पुढच्या पावसाळ्यापर्यंत सुप्त राहतात, त्यामुळे हिवाळ्यात कॅनॉलच्या पाण्यावर बांधाकडेला फोफावणारे गवत त्यांच्या तावडीतून सुटते आणि ते फुलावर येण्याआधी हातानेच उपटावे लागते.