आयरिश बंदिनींची टास्मानियातील हद्दपारी

आयर्लंडमध्ये शिक्षा झालेल्या स्त्रियांना व्हॅन डीमन्स लँड, म्हणजे आजचे टास्मानिया, या ब्रिटिश वसाहतीत मजुरीसाठी पाठवण्याची पद्धत. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटन व आयर्लंडमधून सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात गेले. त्यांत स्त्रिया सुमारे २५,०००. थेट आयर्लंडहून कैदी नेणारे पहिले जहाज ‘क्वीन’ १७९१ मध्ये सिडनीला पोचले. १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणे थांबले आणि १८५३ पर्यंत बंदिनींची जहाजे टास्मानियाकडेच जात राहिली. मराठीत ज्याला ‘काळे पाणी’ म्हणतात ती अंदमानची बंदीवसाहत त्यानंतरची, १८५८ची.

शिक्षा ७, १०, १४ वर्षे किंवा जन्मभराची असे. कपडे, मेंढी, गाय चोरल्याबद्दलही ती होई. १८४५ नंतरच्या दुष्काळात काही स्त्रियांनी हद्दपारी मिळावी म्हणूनच आगी लावल्या: शिक्षेत निदान जेवण तरी होते. ‘गुन्हेगार’ हा शब्द वाचताना ही पार्श्वभूमी सोडून चालत नाही.

१८४० पासून बंदिनींना डब्लिनच्या ग्रेंजगॉर्मन तुरुंगात गोळा करत. तेथे काही महिने शिवण, धुलाई आणि वाचन शिकवून किंग्जटाउन बंदरातून (आजचे डन लीरी) जहाजावर चढवत. १८५३ पर्यंत या मार्गाने तीन हजारांहून अधिक स्त्रिया गेल्या. लहान मुले सोबत नेता येत, पण परवानगीनेच.

प्रवास साधारण तीन ते चार महिन्यांचा. जहाजावर नौदलाचा शल्यचिकित्सक अधीक्षक असे. कैद्यांचे गट पाडून खारवलेले मांस, वाटाणे, ओटचे पीठ आणि बिस्किटे मोजून दिली जात. स्कर्व्ही (ताज्या फळभाज्यांअभावी होणारा रोग) टाळण्यासाठी लिंबाचा रस. हवा बरी असली की अंथरुणे डेकवर वाळवायची आणि खालचा मजला घासून कोरडा ठेवायचा, कारण ओल राहिली की ताप आणि हगवण पसरे. तरी समुद्र समुद्रच. जानेवारी १८३५ मध्ये कॉर्कहून सिडनीकडे निघालेले ‘नीव्हा’ मे महिन्यात टास्मानियाच्या वायव्येच्या किंग बेटाजवळ फुटले. सुमारे २४० जणांपैकी १५ वाचले.

१८४४ ते १८५० या काळात टास्मानियात उतरलेल्या बहुतेक बंदिनींना आधी राजधानी होबार्टजवळ डरवेंट नदीत नांगरलेल्या ‘अॅन्सन’ या जुन्या युद्धनौकेवर सहा महिने ठेवत. मग ‘पासहोल्डर’ (कामाचा परवाना मिळालेली बंदिनी) म्हणून घरकामाला देत. चांगल्या वर्तनावर ‘तिकीट ऑफ लीव्ह’ मिळे: नेमून दिलेल्या जिल्ह्यात राहायचे, हजेरी द्यायची, काम मात्र आपल्या मर्जीने शोधायचे. लग्नालाही सरकारी परवानगी लागे.

उद्धट उत्तर, दारू, रात्री परवानगीविना बाहेर राहणे, एवढ्यावरूनही मालक बंदिनीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करी आणि तिची रवानगी ‘फीमेल फॅक्टरी’त, म्हणजे स्त्रियांच्या तुरुंग-कारखान्यात होई. यातली मोठी होबार्टजवळची कॅस्केड्स (१८२८–१८५६), मूळची रम गाळण्याची भट्टी. वेलिंग्टन डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या घळीत ती असल्याने ऊन कमी आणि भिंती कायम ओल्या. १८२९ च्या नियमांनी तीन वर्ग केले. पहिल्याला खूण नाही. दुसऱ्याच्या डाव्या बाहीवर पिवळे इंग्रजी ‘सी’ अक्षर. तिसऱ्या, म्हणजे गुन्हा वर्गाच्या पाठीवर, उजव्या बाहीवर आणि परकराच्या मागे असे तीन. गुन्हा वर्गाकडे धुलाईची टाकी आणि लोकर पिंजण्याचे काम; त्याहून कडक शिक्षा म्हणजे पाव-पाण्यावर एकांतकोठडी.

सर्वांत क्रूर नियम आईपणाचा होता. अविवाहित बंदिनी गरोदर राहिली की तिला फॅक्टरीत परत आणत. मुलाचे दूध तोडल्यावर सहा महिने गुन्हा वर्गात काढावे लागत. पुरुषाला अशी शिक्षा नव्हती. दमट, गर्दीच्या पाळणाघरात बाळे मोठ्या संख्येने दगावली. जगलेली दोन-तीन वर्षांची झाली की होबार्टजवळच्या न्यू टाउनच्या अनाथ शाळेत जात. जहाजातून आलेल्या मुलांपैकीही अनेकांची वाट तीच.

या स्त्रियांची ओळख आज मुख्यतः टास्मानियाच्या वर्तन-नोंदवह्यांतून होते. हा दस्तऐवज २००७ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीत आहे. नोंदीत खटल्याचे ठिकाण, उंची, वय, केस, डोळे, अंगावरच्या खुणा, नातेवाईक आणि खाली एकेक अपराध. त्यात फक्त चुका लिहिल्या जात, म्हणून ओळीच नसलेली अनेक वर्षे म्हणजे बहुधा निमूट राबण्याची वर्षे. एकाच नावाच्या अनेक ब्रिजेट आणि मेरी असल्याने नावाबरोबर जहाजही पाहावे लागते. कारकून नावे ऐकून लिहीत, त्यामुळे आयरिश आडनावांच्या सुरुवातीचा ‘ओ’ गळतो, अक्षरे बदलतात. खटल्याचे ठिकाण हे जन्मगाव समजू नये. लग्नानंतर माग हरवला, तर विवाह-परवानगीची वही पाहावी. तीत वधू-वर दोघांची नावे असतात. आयर्लंडमधल्या १८३६ पूर्वीच्या हद्दपारी नोंदवह्या १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातील आगीत जळाल्या. त्या काळासाठी ऑस्ट्रेलियातली जहाजयादीच आधी उघडावी लागते.