खवा-पनीर युनिटचा फूड परवाना: अर्ज नेमका कुठे अडतो

धाराशिव जिल्ह्यात भूम, वाशी, परंड्याकडे आता भट्टीवाले खव्याबरोबर पनीरही करू लागलेत. नुसत्या नोंदणीवर भागत नाही, परवाना लागतो, अशांसाठी हे. आधार, जागेचा पुरावा, युनिटचा नकाशा, यंत्रांची यादी, दूध कुठून घेता त्याचा तपशील एवढं फॉस्कॉसवर, म्हणजे एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा संस्थेच्या परवाना पोर्टलवर, चढवायचं. त्यात कुणी अडत नाही. अडतात ते पाण्याच्या रिपोर्टवर आणि कॅलिब्रेशनवर, म्हणजे मोजमापाची साधनं बरोबर दाखवतात का याच्या तपासणीवर.

पाण्याची तपासणी आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे हवी, रासायनिक आणि जिवाणू दोन्ही. बरेच जण फक्त रासायनिक करून येतात. ग्रामपंचायतीच्या किटवरची तपासणी चालत नाही, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच रिपोर्ट लागतो. आपल्या बोअरला क्षार जास्त. टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांची, मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, पण दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. नायट्रेटला मात्र लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर अजिबात सूट नाही. आरओ बसवला असेल तर नमुना आरओनंतरच्या नळाचा द्या. लोक थेट बोअरचं पाणी नेतात आणि नापासाचा कागद घेऊन येतात. जिवाणूंच्या नमुन्याला प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीतला नमुना म्हणजे पैसे पाण्यात. उन्हाळ्यात टँकर घेत असाल तर त्या पाण्याचीही तपासणी करून ठेवा.

आता कॅलिब्रेशन. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असला की झालं, असं समजू नका. तो शिक्का काट्यापुरता. इलेक्ट्रॉनिक काट्याला तो दर वर्षी लागतो, आणि दुरुस्तीसाठी सील तोडलं तर मुदत उरलेली असली तरी परत. थर्मामीटरला वेगळं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट लागतं. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे एवढ्यावर जाऊ नका. तापमान तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत आहे का ते विचारा. कोणत्या अंशांना तपासायचं तेही तुम्हीच लिहून द्या: दूध ४ अंशांवर ठेवता, ६३ किंवा ७२ वर तापवता, मग त्याच्या आसपासचेच अंश हवेत.

पुढची तारीख हा वेगळाच ताप. तपासणीला आलेला अधिकारी सर्टिफिकेटवर 'पुढील कॅलिब्रेशन कधी' ते शोधतो, आणि नियमाप्रमाणे ग्राहकाशी ठरलं नसेल तर प्रयोगशाळा ती तारीख छापत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, हेलपाटे तुमचे. म्हणून थर्मामीटर देतानाच तारीख छापायचं लेखी ठरवा.

पोर्टलवर त्रुटी निघाली की उत्तराला ३० दिवस असतात, आणि ते त्रुटी कळवल्यापासून मोजतात, तुम्ही नमुना दिल्यापासून नाही. मुदत टळली तर अर्ज फेटाळला जातो, फीही परत मिळत नाही. तेव्हा पाण्याचा रिपोर्ट आणि कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट दोन्ही हातात आल्याशिवाय अर्जाला हात लावू नका, ऑनलाइन अर्ज भरून देणारा सीएससी केंद्रवाला कितीही घाई करो.