मेडिक्लेममधून आयाबाईंचा पगार निघतो का?

‘आईबाबांचा मेडिक्लेम आहे ना, मग घरी ठेवलेल्या आयाबाईंचे पैसेही मिळतात’, असं मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय. समज साहजिक आहे. चोवीस तास माणूस ठेवा, असं डॉक्टरच सांगतात.

पण मेडिक्लेम उपचारांसाठी असतो, सांभाळण्यासाठी नाही. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, चालवणं हा खर्च सहसा वगळलेला असतो, अगदी प्रशिक्षित नर्सने केलं तरी. खात्री करायची तर पॉलिसीच्या कागदांत वगळलेल्या बाबींखाली ‘एक्सल ०५’ (Excl05) हा कोड शोधा. काही पॉलिसींत डॉक्टरांनी लिहून दिल्यास घरच्या नर्सिंगचे मोजके दिवस मिळतात. तेही तिथेच बघा.

मग महिन्याला खिशातून किती जातील ते काढायला आयाबाई पुरवणाऱ्या जवळच्या दोन ब्युरोंना रोजचा दर विचारा आणि ३० ने गुणा. ब्युरोचं कमिशन आणि सुट्टीतली बदली बाई धरायला हमखास विसरायला होतं.