पिशवीभर मातीतली बुरशी

मैदानाच्या कडेला देशी झाडं लावायला जमलेल्या मंडळींत परवा एक जण पिशवीभर माती घेऊन आला. जवळच्याच एका जुन्या झाडाखालची, कुजलेल्या पाल्यासकट. "इथे काय मातीचा दुष्काळ आहे? सुपरफॉस्फेटचं खत आणायचंस!" म्हणून बाकीचे हसले. मला मात्र सगळ्या सामानात ती पिशवीच मोलाची वाटली.

गोम स्फुरदात, म्हणजे फॉस्फरसमध्ये आहे; झाडाला तो फॉस्फेटच्या रूपात मिळतो. नायट्रेट पाण्याबरोबर मुळापर्यंत वाहत येतं. फॉस्फेट मात्र लोह, ॲल्युमिनियम नाहीतर कॅल्शियमला धरून जागच्या जागी बसतं. मुळाने भोवतालचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा शोषून घेतला, की पलीकडचं फॉस्फेट तिथवर सरकायला फार वेळ लागतो. अन्न बोटभर अंतरावर आणि मूळ उपाशी!

इथे मायकोरायझा, म्हणजे मुळांशी भागीदारी करणारी बुरशी कामाला येते. तिचे तंतू अवघे काही मायक्रोमीटर जाडीचे. मुळाला जिथे शिरता येत नाही अशा फटींतून ते त्या रिकाम्या पट्ट्यापलीकडे कित्येक सेंटिमीटर जातात. दुसरं टोक मुळाच्या पेशीत शिरतं आणि तिथे इवल्याशा झुडपासारखं फांद्या फोडतं. पेशीचं पटल मात्र फाटत नाही. हातमोजा बोटांवर बसावा तसं ते प्रत्येक फांदीवर बसतं. त्या पटलातून फॉस्फेट आत येतं, साखर आणि स्निग्ध पदार्थ बाहेर जातात. स्कॉटलंडमधल्या राइनी इथल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही ही झुडपं दिसतात. खरी मुळं तेव्हा त्या वनस्पतींना फुटलीही नव्हती!

बुरशीला मुळाचा पत्ता लागतो कसा? उपाशी मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं मातीत सोडतं. ती लागताच तंतूंना भराभर फांद्या फुटतात. या रसायनांचं नाव आलं स्ट्रायगावरून, म्हणजे ज्वारीच्या मुळावर जगणाऱ्या टारफुल्यावरून. बुरशीसाठी दिलेली हाक हा चोरही ऐकतो आणि त्याचं बी रुजतं. बुरशीशी असलेला संबंध 2005 मध्ये उघड झाला; चोराची ओळख त्याच्या कितीतरी आधीची.

आता सुपरफॉस्फेट. स्फुरद मुबलक मिळालं की झाड ही रसायनं सोडणं कमी करतं. पोट भरलेल्याने हाक कशाला मारायची? खड्ड्यात ओंजळभर फॉस्फेट टाकणं म्हणजे ही भागीदारी जुळण्याआधीच मोडणं.

देशी झाडाला देशीच बुरशी लागते, असं काही जण ठासून सांगतात. ते अर्धंच खरं. ही पेशीत शिरणारी बुरशी फारशी चोखंदळ नसते. सालवृक्षाची किंवा पाइनची बुरशी वेगळी, मुळावर बाहेरून आवरण घालणारी, आणि ती बरीच निवडक. पोर्तो रिकोत बाहेरून आणलेले पाइन वर्षानुवर्षं खुरटत होते. 1955 च्या सुमारास पाइनच्या रानातली माती दिल्यावर ते वाढले. राहिली ती 'आईझाड जमिनीखालून पिलांना भरवतं' ही गोष्ट. रानात तसं घडतं याचे पुरावे फार तोकडे आहेत. मुळांशी बोलणाऱ्या झाडांचे व्हिडिओ मात्र उदंड.

बांधकामाचा राडारोडा पसरलेल्या मैदानात बुरशीचे बीजाणू कमी असतात, म्हणून ती पिशवी. रोगट झाडाखालची माती अर्थातच नको. आमच्या गड्याने ती खड्ड्याच्या तळाशी न ओतता मुळांना चिकटेल अशी मूठ-मूठ भरली. सुपरफॉस्फेटवाल्याने शेवटच्या चार खड्ड्यांसाठी त्याच्याकडेच माती मागितली, पण तोवर पिशवी रिकामी झाली होती.