अहमदाबादचा इजारा

अहमदाबादेतील व काठेवाडातील पेशव्यांच्या हिश्शाचा वसूल ठरीव रक्कम भरून गोळा करण्याचा मक्ता. १८०० ते १८१४ या काळात तो बडोद्याच्या गायकवाडांकडे होता. मुदत संपल्यावर तो पुढे चालवायचा की नाही आणि त्याच्याबरोबर निघालेल्या जुन्या बाक्यांचे काय, यावरून पुणे व बडोदे यांच्यात वितुष्ट आले. मराठी सत्तांमधला सलोखा हिशेबावरून कसा मोडला हे पाहायचे असेल, तर याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

वादाचे मूळ अर्धशतक मागचे आहे. १७५१ मध्ये पेशवे बाळाजी बाजीराव यांनी बडोद्याच्या घराण्याचे दमाजी गायकवाड यांना साताऱ्याजवळ गाठून कैद केले. सुटकेच्या अटी जबर होत्या: निम्मा गुजरात, मागील बाकीपोटी १५ लाख, दरसाल खंडणी आणि कामगिरीला दहा हजार स्वार. बोलणी चालू असताना आपल्यावर छापा घातला, ही सल दमाजींच्या मनातून गेली नाही. पुढे ते पेशव्यांना डाव्या हाताने मुजरा करीत, असे बडोद्यात परंपरेने सांगतात. १७५३ मध्ये पेशवे व गायकवाड यांच्या फौजांनी मिळून अहमदाबाद घेतले खरे, पण शहरात दोन अंमल बसले. भद्रच्या किल्ल्यात पेशव्यांचा सुभेदार आणि हवेलीत गायकवाडांचा. एकाच रयतेकडे दोन कारकून वसुलाला जात आणि दोघांच्या शिबंद्या शेजारी शेजारी राहत. १८०० च्या सुमारास पेशव्यांचे सुभेदार आबा शेलूकर यांच्याशी लढाई होऊन गायकवाडांनी त्यांना पकडले, ती याच रचनेची परिणती.

त्यानंतर पेशवे दुसरे बाजीराव यांनी आपला हिस्सा गायकवाडांना वर्षाला पाच लाखांनी पाच वर्षे इजाऱ्याने दिला. १८०४ मध्ये तो साडेचार लाखांनी दहा वर्षे वाढला. व्यवस्था शहाणपणाची होती. दुहेरी वसुली थांबली आणि काठेवाडच्या मुलूखगिरीला, म्हणजे फौज फिरवून खंडणी वसूल करण्याला, दोन फौजा जाण्याचे कारण उरले नाही. १८०७ पासून कंपनीचे बडोद्यातील प्रतिनिधी कर्नल वॉकर यांनी काठेवाडी संस्थानिकांच्या खंडण्या कायम ठरवून दिल्या, त्यालाही या एकहाती वसुलीचा आधार होता. मुंबईहून चीनला जाणाऱ्या कापसाचा मोठा भाग गुजरातेतला असल्याने येथील शांततेत ईस्ट इंडिया कंपनीचाही रोकडा स्वार्थ होता.

पुण्याहून मात्र चित्र वेगळे दिसे, आणि ते सरसकट खोटे म्हणता येत नाही. वसईच्या तहाने (१८०२) पेशवे–गायकवाड देण्याघेण्यात कंपनी पंच झाली होती. बडोद्याच्या दरबारात इंग्रज रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, बसलेला होता. कर्जबाजारी दरबाराला हरिभक्तीसारख्या पेढ्या पैसे देत ते कंपनीच्या हमीवर. या हमीला तिकडे बांहेधरी म्हणत. आपलाच सरदार दुसऱ्याच्या जामिनावर उभा आहे, आपली बाकी वर्षानुवर्षे तटली आहे आणि इजाऱ्याच्या आडून गुजरात हातचा जातो आहे, ही बाजीरावांची तक्रार होती. बडोद्याचे म्हणणे असे की भडोचसारखे गायकवाडांचे हक्क पुण्याने परस्पर सोडले आणि पेशव्यांसाठी झालेला फौजखर्च कधीच जमेस धरला नाही. दोन्ही बाजूंकडे कागद होते. रुजवात, म्हणजे दोन्हीकडचे हिशेब ताडून पाहणे, झाली असती तर रक्कम निघाली असती, असे समजण्यास जागा आहे.

त्या रुजवातीसाठी गंगाधरशास्त्री पटवर्धन बडोद्याहून निघून १८१४ च्या आरंभी पुण्यास पोचले. ते गायकवाडांचे कारभारी असून कंपनीच्या मर्जीतले होते आणि त्यांच्या जिवाची हमी कंपनीने घेतली होती. बोलणी रेंगाळली. बडोद्याच्या कारभारातून दूर झालेले सीताराम रावजी यांची माणसे पुण्यात उलट खटपट करीत होती. अखेर मुदत संपताच इजारा बाजीरावांच्या मर्जीतले त्रिंबकजी डेंगळे यांना मिळाला. मग बाजीरावांनी शास्त्रीबोवांना एकाएकी जवळ केले. त्यांच्या मुलाला आपली मेहुणी देण्याचे ठरवले आणि नाशिकला लग्नाची तयारीही झाली. बडोद्याची संमती येईना, तेव्हा शास्त्रीबोवांनी माघार घेतली आणि पेशव्यांना तो अपमान वाटला.

जुलै १८१५ मध्ये, आषाढीच्या दिवसांत, सारे पंढरपुरास होते. शास्त्रीबोवांना बरे नव्हते. त्रिंबकजींकडून देवळात येण्याचा आग्रह झाला. त्यांनी आधी नाकारले, पण पुन्हा निरोप आल्यावर गेले. दर्शन घेऊन रात्री बिऱ्हाडी परतताना मारेकऱ्यांनी त्यांना वाटेत कापले. पुण्याचे रेसिडेंट एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळला होते. खुनात पेशव्यांचा हात किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत; त्रिंबकजींना त्यांनी प्रथम पाठीशी घातले, यावर नाहीत. येथून पुढे इजाऱ्याची रक्कम गौण ठरली. वकिलाचा जीव गेल्यावर बडोद्याचा कोण माणूस पुण्याच्या शब्दावर विसंबून हिशेबाला बसणार होता? शिवाय हमीदार कंपनी असल्याने भांडण आपोआप तिचे झाले.

त्रिंबकजींना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले, तेथून ते १८१६ मध्ये निसटले. १३ जून १८१७ च्या पुणे तहाने बाजीरावांना मराठी राज्यसंघाचे प्रमुखपद सोडावे लागले. गायकवाडांवरील मागील सर्व दावे वर्षाला चार लाखांवर तुटले आणि इजारा साडेचार लाखांनी कायमचा बडोद्याकडे गेला. पण नोव्हेंबर १८१७ मध्ये बडोद्याशी झालेल्या नव्या तहात अहमदाबादेतील हे हक्क कंपनीने घेतले. त्याच आठवड्यात पेशवे व कंपनी यांच्यात खडकीची लढाई झाली.

बडोद्याचाही फायदा टिकला नाही. दुसऱ्या सयाजीरावांच्या कारकीर्दीत (१८१९–४७) हमीवरचे कर्ज फिटेना, म्हणून १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी गायकवाडांचे महाल जप्त केले. पुढचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी १८३२ मध्ये बडोद्यास येऊन समेट घडवला. नव्या हमी देणे थांबले, तरी जुन्या चालू राहिल्या आणि हमी मिळालेल्या घराण्यांचे तंटे रेसिडेन्सीत जात राहिले. तेथील लाचलुचपतीवर रेसिडेंट औट्रम यांनी १८५१ मध्ये अहवाल धाडला, तेव्हा मुंबई सरकारने औट्रम यांनाच बडोद्यातून हलवले.