वाट न पाहिलेली वेरोनिका : 'करकोचे उडत आहेत'मागचा इतिहास

मॉस्कोतल्या वेरोनिकाचा प्रियकर बोरिस युद्ध सुरू होताच आपणहून सैन्यात नाव नोंदवतो. हवाई हल्ल्यात तिचे आईवडील जातात, बोरिसचं पत्र येत नाही, आणि ती त्याच्याच चुलतभावाशी, मार्कशी, लग्न करते. मिखाईल कालातोझोव यांचा 'करकोचे उडत आहेत' हा सोव्हिएत चित्रपट १९५७ साली आला. हे लग्न तिथल्या प्रेक्षकाला केवढं बोचलं असेल, ते युद्धकाळाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

२२ जून १९४१ ला जर्मनीनं आक्रमण केलं. जुलैत मॉस्कोतल्या कारखान्यांतून, कचेऱ्यांतून, विद्यापीठांतून स्वयंसेवकांच्या १२ डिव्हिजन उभ्या राहिल्या. प्रशिक्षण तुटपुंजं, शस्त्रं अपुरी. ऑक्टोबरात मॉस्कोच्या पश्चिमेकडच्या व्याझ्माच्या वेढ्यात त्यांतल्या अनेक संपल्या. अख्खी तुकडीच कापली गेली की कोण मेलं हे लिहून ठेवायलाही कुणी उरत नसे. घरी 'बेपत्ता' एवढाच शेरा पोचायचा. मृत्यूच्या बातमीपेक्षा तो छळणारा. शिवाय ऑगस्ट १९४१ च्या २७० क्रमांकाच्या आदेशानं शरण जाणं म्हणजे गद्दारी ठरली होती, आणि शरण गेलेल्यांच्या घरच्यांची सरकारी मदत बंद करण्याची तरतूद होती. त्यामुळे बेपत्ता माणसाच्या नावाला संशय चिकटे. बोरिसही बेपत्ताच ठरतो.

जानेवारी १९४२ मध्ये 'प्रावदा' या पक्षाच्या वृत्तपत्रात कोन्स्तान्तिन सिमोनोव यांची 'माझी वाट पाहा' ही कविता छापून आली. सैनिक तिची कात्रणं जपून ठेवत. तू वाट पाहिलीस म्हणून मी वाचलो, असं ती कविता म्हणते. म्हणजे जिनं वाट पाहिली नाही, तिच्या माथी काय येतं ते उघड आहे.

विक्टर रोझोव स्वतः स्वयंसेवक होऊन गेले, १९४१ मध्येच गंभीर जखमी झाले, आणि १९४३ च्या सुमारास त्यांनी हा चित्रपट ज्यावर बेतला आहे ते नाटक लिहिलं. ते गाजलं मात्र १९५६ मध्ये, मॉस्कोच्या 'सव्रेमेन्निक' या नव्या नाट्यसंस्थेनं केल्यावर. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी पक्षाच्या अधिवेशनात, बंद दाराआड, स्टालिनवर कडक टीका केली होती. तोवर खासगी दुःखाला जागा फारशी नव्हती : स्टालिन यांनी १९४६ मध्ये मृतांचा आकडा सुमारे ७० लाख सांगितला (पुढे तो २ कोटी ६६ लाख मानला गेला), आणि ९ मेची विजयदिनाची सुट्टीही १९४७ अखेर रद्द झाली, ती १९६५ पर्यंत.

छायालेखक सेर्गेई उरुसेव्स्की युद्धात आघाडीवर चित्रीकरण केलेले. निरोपाचा शॉट पाहा : कॅमेरा हातात घेऊन बसमध्ये सुरुवात, वेरोनिकाच्या मागोमाग उतरून गर्दीतून धाव, मग क्रेनवर चढून वर, आणि खाली ती रणगाड्यांमधून पळते आहे. तोल सांभाळणारा स्टेडीकॅम यायला अजून जवळपास वीस वर्षं होती. वाटेत एक पाऊल अडखळलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. ही मेहनत निव्वळ करामतीसाठी नाही. जिला दोष द्यायचा, तिच्यासोबत प्रेक्षकाला आधी धापा टाकत पळावं लागतं.

दोष कुठे टाकायचा हे पटकथेत स्पष्ट आहे. अत्यावश्यक माणसांना भरतीतून सूट मिळे, तिला 'ब्रोन' म्हणत. मार्क ती काकांच्या नावावर लबाडीनं मिळवतो. वेरोनिकाचा अपराध मात्र तिला सर्वांसमोर ऐकावा लागतो : प्रेयसीनं दुसऱ्याशी लग्न केलं म्हणून एक जखमी सैनिक आक्रोश करतो, आणि त्याला धीर देताना बोरिसचे डॉक्टर वडील अशा मुलींना कडक शब्दांत झोडपतात. ती तिथंच उभी असते.

तात्याना सामोइलोवा यांनी ही भूमिका केली. १९५८ मध्ये कान महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. शेवटी स्टेशनवर बोरिस परतणार नाही हे कळल्यावर ती हातातली फुलं इतरांच्या माणसांना वाटत जाते.